न भुंकणारी शेंजी

झुलाल कापूस घालायला दोंडाईच्याला गेला आणि येताना रिकाम्या गाडीत एक कुत्री घेऊन आला.

दिवस मावळायला टेकला होता. वच्छलाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. गाडी दारात थांबली, बैलांच्या मानेवरचं जू उतरलं, बारदानं खाली आली आणि बारदानांच्या मागून एक लाकडी खोकं. झुलालनं खोक्याची फळी काढली. आतून तांबड्या रंगाची, मध्यम अंगाची एक कुत्री बाहेर आली, अंगणात उभी राहिली आणि आळस देऊन तिनं मागचे पाय लांब ताणले.

"हाई काय शे?" वच्छलाबाईनं विचारलं.

"कुत्री."

"ते माले दिसी ऱ्हायनं. आपला गावमा काय कुत्रास्ना दुकाळ पडना का?"

झुलालनं आधी बैल दावणीला बांधले, त्यांच्यापुढे कडबा टाकला, हातपाय धुतले. हातातलं काम संपल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, अशी त्याची पहिल्यापासूनची रीत.

"गनीभाऊनी दिन्ही," तो म्हणाला. "आफ्रिकानी शे."

गनी म्हणजे दोंडाईच्याच्या जिनिंगमधला फिटर. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागायची, नंबर यायला दिवस जायचा. अशा वेळी झुलाल गनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसे. दोघं एका फडक्यावरची भाकर खात. मग गनीला टांझानियातल्या एका कापूस गिरणीत काम मिळालं. काही वर्षं तो तिकडे राहिला आणि यंदाच्या दिवाळीआधी परतला. येताना त्यानं रेडिओ आणला, एक जाड ब्लँकेट आणलं आणि जहाजावरच्या खलाशांना हातापाया पडून ही कुत्री आणली. त्याच्या बायकोनं, हसीनाबीनं, रेडिओ ठेवून घेतला, ब्लँकेट ठेवून घेतलं. कुत्रीकडे बोट करून ती म्हणाली, ही घरात आली तर मी माहेरी. दोन खोल्यांचं घर, म्हातारा सासरा पाच वेळा नमाज पढणारा, त्याला कुत्र्याचा स्पर्श चालत नव्हता. गनीला झुलालचं शेत आठवलं.

वच्छलाबाई उठून जवळ आली. कुत्रीचे कान ताठ, टोकदार. छाती आणि चारही पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. शेपूट जिलबीसारखी वळून पाठीवर चिकटलेली. आणि कपाळावर आठ्या, जशी कुणाची तरी काळजी लागून राहिलीय.

"हिना कपाळले आठ्या काब्र?"

"जनमन्या शेत."

"भुकस का नीट?"

झुलाल जरा घुटमळला. "नई."

"नई म्हंजे?"

"भुकतच नई. तिकडला कुत्रा भुकतस नई, गनी म्हने."

वच्छलाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मंग करस काय?"

"माले काय माहीत," झुलाल म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं जमली. झुलालच्या घरी आफ्रिकेचं कुत्रं आलंय ही बातमी पाणवठ्यावरून गेली होती. लोकांना वाटलं होतं, असेल वासराएवढं, अंगावर झुपकेदार केस, जीभ वीतभर. त्यांनी कुत्रीकडे पाहिलं, मग झुलालकडे पाहिलं.

"हाई ते आपलं गावठीच शे," एक जण म्हणाला.

"नाव काय?"

"शेंजी."

"म्हंजे काय?"

झुलालनं मान खाजवली. "तिकडनी भाषामा, म्हंजे... गावठी. रानटी."

अंगणभर हसू फुटलं. आफ्रिकेहून जहाजात बसून गावठी कुत्रं आलं, हे त्या दिवशी गावात जो तो दुसऱ्याला सांगत सुटला.

रुपचंद आबाही आला होता. रुपचंद हा झुलालच्या चुलत्याचा मुलगा, वयानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. दोघांची शेतं एका बांधाला लागून, मधली विहीर दोघांची, पण विहिरीवरचं डिझेल इंजिन एकट्या रुपचंदचं. त्याच्याकडे मोत्या नावाचा काळा धिप्पाड कुत्रा होता. मोत्या पानाच्या सळसळीवर भुंके, चंद्रावर भुंके, स्वतःच्या सावलीवर भुंके. "मना मोत्या भुकना का तापीना पलीकडे आयकू जास," असं रुपचंद अभिमानानं सांगे. येताना तो मोत्याला मुद्दाम घेऊन आला.

मोत्या भुंकत आला. शेंजीनं मान तिरपी केली. तो जवळ येऊन तिच्या तोंडावर भुंकला. ती त्याच्याकडे बघत राहिली, जसं माणूस पाऊस बघतं. थोड्या वेळानं मोत्या थकला आणि तिच्या शेजारी बसला.

"मुकी शे," रुपचंद म्हणाला. "चोर उना ते काय त्याले पाट टाकशी का?"

वच्छलाबाई दाराच्या आत पदर पुढे ओढून उभी होती. रुपचंद तिचा जेठ, थोरला दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्यासमोर बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर भिंतीला, बैलाला किंवा शेजारणीला सांगायची आणि त्यानं ते ऐकायचं.

पुढचे काही दिवस गावाला उद्योग मिळाला. कुणी शेंजीपुढे मांजर सोडलं. कुणी तिच्या कानाशी पितळी परात बडवली. मारुतीच्या देवळातला पुजारी जाता जाता शंख फुंकून गेला. शेंजीनं जांभई दिली. जांभई देताना तिच्या घशातून एक बारीक, वळणावळणाचा सूर निघाला, पाळण्याच्या कडीसारखा, तेवढाच.

गनी सुट्टीच्या दिवशी सायकलवर आला. हँडलला हाडांची पिशवी लटकलेली. तो गल्लीच्या तोंडाशी होता तोच शेंजी उठली. मान वर करून तिनं एक लांब, थरथरता आवाज काढला. बाई रडतेय की गातेय ते कळू नये, असा. गल्लीतल्या बायका दारात आल्या. शेंजी गनीभोवती गोल गोल फिरत तो आवाज काढत राहिली आणि गनी सायकल टाकून खालीच बसला.

"हाई कसं वरडनं वो माय," वच्छलाबाई म्हणाली.

"भाबी, ही हसते," गनी म्हणाला. "खूश झाली की असं करते."

चहा पिताना त्यानं सांगितलं, वच्छलाबाई विचारत गेली तसतसं. गिरणीचा चौकीदार काँगोचा होता. त्याच्या मुलखात शिकारीला हीच कुत्री नेतात. भुंकत नाहीत म्हणून जनावराला सुगावा लागत नाही. आणि भुंकत नाहीत म्हणून मालकालाही कळत नाही की कुत्रं गवतात कुठं गेलं. म्हणून गळ्यात लाकडाची घंटा बांधतात.

"तिकडं मोठे साहेब लोक हसायचे," गनी म्हणाला. "विलायती कुत्री पाळायचे ते. या कुत्र्यांना शेंजी म्हणायचे. पण विलायती कुत्रं तिथल्या एका उन्हाळ्यात मरायचं. डॉक्टर, सुई, दूध, सगळं करून मरायचं. ही मक्याच्या पिठाच्या घाट्यावर जगायची. तिथल्या शेतकऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, साहेबाचं कुत्रं साहेबाची राखण करतं, माझं माझ्या कणगीची करतं."

"कनगीनी? म्हंजे?"

"उंदीर भाबी. बघाल तुम्ही."

गनी गेला तेव्हा शेंजी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि सायकल दिसेनाशी झाल्यावर परत आली. वच्छलाबाईनं बैलाच्या जुन्या घुंगुरमाळेतलं एक घुंगरू काढलं आणि दोरीत ओवून तिच्या गळ्यात बांधलं.

कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली होती. वच्छलाबाई उजाडता शेतात जाई. शेंजी मागून यायची, पण दहिवर पडलेल्या गवतात पाय घालायची नाही. बांधावरून कोरड्या वाटेनं, पावलं उचलून चालायची, चांगलं लुगडं नेसलेल्या बाईसारखी. बायका ओळीत वाकून कापूस वेचत, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघत, कंबर धरून जाई. शेंजी बांधावर बसून जिभेनं पंजे चाटून पुसत असे, मग पंज्यानं तोंड पुसत असे.

"हाई मांजर शे का कुत्री?" शेजारी वेचणारी इंदिराबाई विचारी.

वच्छलाबाईलाही तोच प्रश्न होता. ती जाता येता बघत राही. शेंजी कोंबड्यांना शिवत नव्हती. भाकरी दिली तर खायची, नाही दिली तर मागायची नाही. पण माजघरात शेंगांची पोती होती तिथे ती पहिल्या दिवसापासून जाऊन बसू लागली. एका सकाळी उंबऱ्यापाशी घूस मरून पडलेली होती. मग आणखी एक. मग उंदीर, ओळीनं मांडल्यासारखे. दरवर्षी पोत्यांना भोकं पडायची, शेंगांची टरफलं जमिनीवर सांडलेली असायची. यंदा पोती होती तशी राहिली. वच्छलाबाई मेलेले उंदीर सुपानं उचलून उकिरड्यावर टाकी आणि दर वेळी वळून शेंजीकडे बघे. शेंजी भलतीकडेच बघत असे.

मोत्या रोज येऊ लागला होता. येताना भुंकत यायचा आणि तिच्याजवळ पोचला की गप्प व्हायचा. रुपचंदला हे आवडलं नव्हतं.

पौष लागला आणि रुपचंदच्या बकऱ्यांमधलं एक करडू गेलं. भटू नावाचा गडी बकऱ्या चारत होता. भर दुपारी नाल्याच्या काठी करडू नाहीसं झालं. संध्याकाळी तुरीच्या वावरात त्याचा अर्धा भाग सापडला. चार-पाच दिवसांनी आणखी एक गेलं. मोत्या त्या दिवशी बकऱ्यांबरोबरच होता आणि भुंकलाही होता, पण तो नेहमीच भुंके म्हणून भटूनं डोकं वर केलं नव्हतं. त्याच दुपारी इंदिराबाईनं शेंजीला तुरीतून बाहेर येताना पाहिलं. पांढऱ्या छातीवर रक्त.

ते रक्त सशाचं होतं. शेंजीनं ससा बांधावर आणून ठेवला होता आणि वच्छलाबाईनं तो पाहिला होता. पण वच्छलाबाईनं पाहिलेलं कोण विचारतं?

रुपचंद संध्याकाळी दारात आला. सोबत चार माणसं.

"झुलाल, तुनी कुत्रीनी मना दोन पिलं खादात."

"आबा, ती तशी नई."

"तुले काय माहीत ती कशी शे? परमुलुखनं जनावर. भुकत नई, काय नई. भुकनारं कुत्रं सांगीसन येस. हाई मुकामुका येस आनि खाई जास. लांडगानी जात शे तिनी." त्यानं अंगणात बसलेल्या शेंजीकडे काठी रोखली. ती उठली नाही. कपाळाला आठ्या घालून काठीकडे बघत राहिली. "आयक. हाई कुत्री जिवंत शे तवलग इंजिन बंद. तू तुना गहू पावसावर पिकाड."

पौषात पाऊस कुठला? माणसं निघून गेली. झुलाल ओट्यावर बसून राहिला.

गव्हाला नुकती फुटव्याची वेळ आली होती. त्याच वेळी पाणी लागतं. ते चुकलं तर पुढे विहीर ओतली तरी उपयोग नसतो. दोनच दिवसांत जमीन भेगाळू लागली, पात्यांची टोकं पिवळी पडली. झुलाल रोज सकाळी विहिरीवर जाऊन पाण्याकडे बघून येई. पाणी अर्ध्या विहिरीवर होतं, स्वच्छ, हिरवं. मोटेची धाव कधीच मोडली होती. झुलालनं आणि वच्छलाबाईनं बादल्यांनी पाणी शेंदून एक वाफा भिजवला. दोरीनं वच्छलाबाईच्या तळहाताची साल निघाली. वाफा संपला तेव्हा दिवस संपला होता, आणि वाफे तर सगळं वावरभर.

तिसऱ्या दिवशी झुलालनं लाकडी खोकं काढलं.

"काय करी ऱ्हायनात?"

"गनीले वापस दी येस. नई ते कोठे तरी सोडी देस."

"हसीनाबी घरमा लेनार नई. सोडी दिन्ही ते लोक दगडं मारतीन." वच्छलाबाई खोक्यावर बसली. "आनि हात लाई देखा तिना पोटले."

झुलालनं शेंजीच्या पोटाखाली हात घातला. पोट जड झालं होतं.

"मोत्यानं शे," वच्छलाबाई म्हणाली. मग ती उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि रुपचंदच्या घराकडे चालू लागली.

रुपचंद पडवीत खाटेवर बसला होता. त्याची बायको मंदाबाई जात्याशी होती. भटू दुसरं करडू गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच काम सोडून पळाला होता, आणि बकऱ्या गोठ्यात बांधून ओरडत होत्या. वच्छलाबाई रुपचंदकडे पाठ करून मंदाबाईपुढे बसली.

"अक्का," ती मोठ्यानं म्हणाली, "बकऱ्या चाराले कोनी नई का?"

मंदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग जाऊबाईकडे. "कोनी येत नई. भ्यातस."

"मी चारसू. शेंजीले संगे लीसन. मोकळी. एक जरी पिलूले तिनी तोंड लावं ते मी सोता तिले मारसू. पन इंजिन आजपशी चालू पाहिजे."

जात्यावरचा हात थांबला होता.

"पाटलानी सून बकऱ्या चारशी?" मंदाबाई हळू म्हणाली.

"गहू मरी ऱ्हायना, अक्का."

रुपचंद खाटेवरून म्हणाला, कुणालाच नाही, छपराला, "ज्याले चारना व्हतीन त्याले चारू द्या. इंजिन एक दिवसाआड."

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई हातात काठी घेऊन बकऱ्यांमागे गावातून निघाली. दारादारांत बायका उभ्या राहिल्या. कापूस वेचायला निघालेल्या मजुरणी तोंडाला पदर लावून हसल्या. झुलाल त्या वेळी गोठ्यात वाकून शेण भरत होता. त्यानं वर पाहिलं नाही. पण दुपारी विहिरीवर इंजिन धडधडलं आणि पाटात पाणी आलं.

बकऱ्या हे गाईसारखं जनावर नव्हे. एक इकडे बोरीवर चढते, दुसरी तिकडे कुणाच्या हरभऱ्यात शिरते. पहिल्या दिवशी वच्छलाबाई धावून धावून दमली. एका शेतमालकानं तिला शिव्या दिल्या, ती कोण आहे हे ओळखूनही. संध्याकाळी तिच्या पायांत काटे होते आणि कानांत शिव्या.

शेंजी मात्र बकऱ्यांच्या मागे धावली नाही. ती उंच जागा बघून बसे आणि तिथून सगळं बघे. बकऱ्यांनाही तिची भीती वाटत नव्हती. एक ढवळी करडी तर तिच्या अंगावर उड्या मारायची. शेंजी पुन्हा पुन्हा बाजूला सरकायची, शेवटी कंटाळून तशीच बसून राहायची. वच्छलाबाई बाभळीखाली बसून हे बघायची. जिच्यावर खुनाचा आळ, तिच्या पाठीवर करडू नाचतंय. हे कुणाला सांगावं, आणि कोण खरं मानील?

कान बघायची सवय तिला तिथेच लागली. शेंजीचे कान हेच तिचं बोलणं होतं. दूरवर गाडी आली की एक कान वळे. माणूस आला की दोन्ही. ओळखीचा असला तर शेपूट एक वळसा सैल होई. आणि नाल्याच्या पलीकडच्या काठाकडे, जिथे पावसानं दरड खाऊन कपारी केल्या होत्या, तिकडे शेंजीचे दोन्ही कान दिवसातून किती तरी वेळा जात आणि तिथेच थांबत. वच्छलाबाई बघे, तिला काटेरी झुडपांशिवाय काही दिसत नसे. मंदाबाईला तिनं हे सांगितलं. मंदाबाईनं नवऱ्याला सांगितलं. रुपचंद हसला.

तरी एका दुपारी तो नाल्याकडे आला. कापसाची शेवटची वेचणी त्याच बाजूच्या वावरात चालली होती, मंदाबाई आणि मजुरणी ओळीत होत्या. रुपचंद बांधावर बसून तंबाखू मळत होता, जणू काही मजुरांवर लक्ष ठेवतोय. ऊन तापलं होतं. बकऱ्या नाल्यात पाणी पिऊन सावलीला बसल्या होत्या. वच्छलाबाईनं पायातला काटा काढायला मान खाली घातली.

घुंगरू वाजलं. नेहमी शेंजी चालताना ते एकेकदा किणकिणे. आता ते एकदम सलग वाजत तुरीत शिरलं.

वच्छलाबाईनं मान वर केली. शेंजीची जागा रिकामी. तुरीचे शेंडे एका रेषेत हलत होते. आणि त्या रेषेच्या पुढे, बकऱ्यांच्या अगदी जवळ, तुरीतून एक राखाडी जनावर बाहेर पडलं. उंच पायांचं, खंगलेलं, मान खाली. त्यानं ढवळ्या करडीची मान धरली आणि ते वळलं.

तेवढ्यात शेंजी बाहेर आली. बकऱ्यांच्या ओरडण्यात लांडग्याला घुंगरू ऐकूच आलं नसावं. ती थेट त्याच्या मागच्या पायाशी होती. तिनं पाय धरला. लांडगा गर्रकन फिरला, करडी तोंडातून सुटली, आणि त्यानं शेंजीला खांद्यापाशी पकडून भिरकावलं. ती पडली, उठली आणि मग ओरडली. गनीला बघून काढलेला तो सूर नव्हता हा. माणसाच्या लेकराला विस्तवाचा चटका बसावा तशी ती किंकाळी होती, न थांबणारी, आणि ओरडत ओरडतच ती पुन्हा त्याच्या अंगावर गेली.

"लांडगा उना वो! धावा!" वच्छलाबाई काठी घेऊन धावली. कापसातल्या बायका ओटीतला कापूस सांडत आल्या. रुपचंद बांधावरून उठला, त्याच्या हातातली तंबाखू खाली पडली, आणि तो ढेकळं उचलून फेकत, शिव्या देत, धोतर सावरत पळत आला. लांडग्यानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि लंगडत नाला ओलांडून दरडीच्या कपारीत दिसेनासा झाला.

करडी जिवंत होती. मानेवर दातांच्या खुणा, अंग थरथरत होतं. शेंजी थोड्या अंतरावर बसली होती. खांद्याची कातडी फाटून लोंबत होती आणि ती जखम चाटत होती. वच्छलाबाई तिच्यापाशी बसली. तिनं पदराचं टोक फाडलं.

बायका गोल करून उभ्या होत्या. रुपचंद धापा टाकत होता. कुणी तरी बोलावं म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते.

"भुकनी काब्र नई?" तो म्हणाला. "भुकनी असती ते लांडगा पहिलेच पळी जाता. पिलूले दातच लागता नई."

मंदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, चारचौघांत ती मोठ्यानं म्हणाली, "मोत्या ते भुकना व्हता. त्यानी काय वाचाडं?"

रुपचंदनं करडी खांद्यावर घेतली आणि घरी गेला. त्या दिवसापासून इंजिन एक दिवसाआड नव्हे, गव्हाला लागेल तेव्हा चालू लागलं. नाल्यापलीकडच्या कपारी लोकांनी धूर करून मोकळ्या केल्या. लांडगा आधीच निघून गेला होता. वच्छलाबाई आणखी काही दिवस बकऱ्या चारत राहिली, नवा गडी मिळेपर्यंत. आता दारातल्या बायका हसत नव्हत्या. शेंजीच्या खांद्याला हळद आणि कडुनिंबाचा पाला बांधला होता, आणि ती लंगडत मागे यायची.

माघ अर्ध्यावर आला तेव्हा ती गोठ्यात व्याली. बैलांच्या गव्हाणीमागे कडब्यात, कुणाला न कळवता. पाच पिलं: दोन तांबडी, तीन काळी.

आणि गावाला पुन्हा उद्योग मिळाला. पिलं भुंकतील का? आई मुकी, बाप मोत्या. पारावर दोन तट पडले. कुणी म्हणे, बी बापाचं असतं, भुंकणारच. कुणी म्हणे, दूध आईचं. इंदिराबाई रोज येऊन गोठ्यात डोकावे आणि विचारी, "काय, बोलनात का?" जणू पिलं नव्हे, नातवंडं. गनी हाडांची पिशवी घेऊन आला आणि कडब्यात तासभर पालथा पडून राहिला. शेंजीनं त्याला पिलांपाशी येऊ दिलं. झुलालला अजून येऊ देत नव्हती.

"तिकडं कधी असं झालेलं पाहिलं नाही," गनी म्हणाला. "मलाही माहीत नाही काय होईल."

शिमगा झाला. पिलं अंगणात धडपडू लागली. एका सकाळी वच्छलाबाई सडा टाकत होती. एक काळं पिलू पाटीच्या सावलीकडे बघून अडखळलं, चारही पाय रोवून उभं राहिलं आणि त्याच्या तोंडून बारीकसं 'भुक्' असं निघालं. स्वतःच दचकून ते मागे पडलं.

शेंजी ओट्यावर होती. ती उडी मारून उठली. आधी तिनं गल्लीकडे पाहिलं, मग छपराकडे. पिलू पुन्हा भुंकलं. शेंजी खाली आली, पिलाच्या तोंडाशी नाक नेलं, मान एका बाजूला तिरपी केली, मग दुसऱ्या बाजूला. कपाळावरच्या आठ्या आणखी दाट झाल्या. वच्छलाबाईच्या हातातल्या तांब्यातलं पाणी सांडलं, इतकी ती हसली.

तिन्ही काळी पिलं भुंकू लागली. तांबड्यांतलं एक कधीमधी, आठवण झाल्यासारखं. दुसरं तांबडं मात्र गप्पच राहिलं. ते आपले पंजे चाटायचं.

पिलं मागायला माणसं येऊ लागली. धरणगावाहून इंदिराबाईचा भाऊ आला, कापूस वेचायला आलेल्या मजुरांनी आपापल्या गावी सांगितलं, तिथून कुणी आलं. हसत होते त्यांच्यातलेही आले. आफ्रिकेच्या कुत्रीचं पिलू, उंदीर मारतं, लांडग्याला भीत नाही, खायला काही मागत नाही. वच्छलाबाईनं ऐकलं की तिच्या कुत्रीनं दोन लांडगे मारले होते. पुढच्या आठवड्यात ते तीन झाले. ती दुरुस्त करून थकली आणि मग तिनं सोडून दिलं.

आखाजीच्या दिवशी, अक्षय्य तृतीयेला, दुपारी झुलाल गावात गेला होता. झाडांना झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चालली होती. वच्छलाबाईची लेक एरंडोलहून आली होती, तीही झोक्यावर गेली होती. दारात खाकरण्याचा आवाज आला. वच्छलाबाईनं पदर पुढे ओढला. रुपचंद आबा उंबऱ्याबाहेर उभा होता, खांद्यावर धुतलेला टॉवेल.

"झुलाल शे का घरमा?"

घरात भिंत होती, गोठ्यात बैल होते. वच्छलाबाईनं क्षणभर भिंतीकडे पाहिलं.

"नई," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "गावमा गयात."

रुपचंद गडबडला. त्याच्या भावजयीचा आवाज त्याच्यासाठी असा पहिल्यांदाच आला होता. तो अंगणात आला, खाली बसला, पिलांकडे बघू लागला. तीन पिलं देऊन झाली होती. उरलेली दोन, एक काळं आणि ते गप्प तांबडं, शेंजीच्या पोटाशी लोळत होती. शेंजीनं रुपचंदच्या हाताचा वास घेतला आणि मान खाली टाकली. तिच्या खांद्यावर केस न उगवलेली एक रेघ राहिली होती. रुपचंदचं बोट त्या रेघेपाशी गेलं आणि थांबलं.

"गोदाममा उंदीर फार व्हयनात," तो म्हणाला.

वच्छलाबाईनं वाट पाहिली.

"एक पिलू दे."

"कोनतं देऊ आबा?" तिनं विचारलं. "भुकनारं का नई भुकनारं?"

काळ्या पिलानं त्याच्या जोड्यावर भुंकून घेतलं. रुपचंदनं बराच वेळ दोघांकडे पाहिलं. मग त्यानं हात लांबवून तांबडं पिलू उचललं आणि टॉवेलात गुंडाळलं.

"हाईच दे," तो उठता उठता म्हणाला. "घरमा भुकाले मी शे ना."